धावून जाणाऱ्यांची शिदोरी

इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावर वसलेली ही ठाकर समाजाची वाडी. खालच्या गावातून वर जायचे तर पायवाट, पावसात चिखल आणि धडधाकट माणसालाही तासाहून अधिक चाल. १९ जुलै २०२३ च्या रात्री वाडीवर दरड कोसळली, तेव्हा जेसीबी वर नेता येईना आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे (एनडीआरएफ) जवान, अग्निशमन दल, गिर्यारोहक, आसपासच्या गावांतले तरुण आणि सिडकोने पाठवलेले मजूर यांनी टिकाव, फावडी, घमेली घेऊन हातांनी ढिगारा उपसला. २३ जुलैला शोध थांबला, तोवर २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ जण बेपत्ता राहिले. पहिल्याच रात्री चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

अशा ठिकाणी मदतीचे सामान पाठवायचे म्हणजे काय, याचा हिशेब वजनाने करावा लागतो. समजा शंभर माणसे वर काम करत आहेत. ओल्या चिखलात दिवसभर खणणाऱ्या माणसाला पिण्यासाठी पाच लिटर पाणी धरले, तर दिवसाला पाचशे लिटर झाले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. निसरड्या वाटेने एक माणूस वीस किलो वाहू शकतो असे मानले, तर नुसत्या पाण्यासाठी पंचवीस खेपा लागतात. त्यात अन्न, ताडपत्री, बॅटऱ्या, औषधे, दोर आणि परतीच्या वाटेवर खाली आणायचे मृतदेह धरलेले नाहीत. पायथ्याशी टेम्पोभर बाटल्या येऊन पडल्या म्हणून वरच्या माणसाची तहान भागत नाही. ती बाटली वाहून नेणारा माणूसही मदतीचाच भाग असतो, आणि बहुतेक वेळा देणाऱ्यांच्या यादीत नेमका तोच नसतो.

या प्रकरणात आपण आपत्तीग्रस्तांना द्यायच्या मदतीविषयी बोलणार नाही. त्यांना सोडवायला गेलेल्यांना काय लागते, ते कोणी, केव्हा आणि कोणामार्फत द्यावे, एवढाच विषय आहे. दोन्ही गरजा एकाच टेम्पोत भरल्या जातात आणि तिथेच घोळ सुरू होतो. घर गमावलेल्या कुटुंबाला भांडी, चादरी, महिन्याचा शिधा लागतो. ढिगाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पुढचे चार तास काम करता येईल एवढेच हवे असते.

पहिला कोण पोचतो

रायगड जिल्ह्याचा नकाशा पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. सह्याद्रीवर पडलेले पाणी इथे फार थोड्या अंतरात समुद्राला मिळते. कुंडलिका, अंबा, सावित्री, गांधारी, भोगावती, बाळगंगा या नद्यांची लांबी कमी आणि उतार मोठा. वर घाटात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि खाली खाडीला भरती असली, की मधल्या गावांना विचार करायलाही वेळ मिळत नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने सुधागड तालुक्यातले जांभूळपाडा आणि रोहा तालुक्यातले नागोठणे यांची अशीच दैना केली. २५ आणि २६ जुलै २००५ ला महाड परिसरात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक बळी गेले.

तळियेची गोष्ट इथे महत्त्वाची आहे. दरड दुपारी कोसळली, पण त्याच वेळी महाड शहर पुराच्या पाण्यात होते आणि वाटेत ठिकठिकाणी रस्ते बंद होते. बाहेरची पथके दुसऱ्या दिवशी पोचली. मधल्या काळात जे काही झाले ते गावातल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या लोकांनी केले.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. १७ जानेवारी १९९५ च्या जपानमधल्या कोबे भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढले, असे तिथल्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. जपानसारख्या सुसज्ज देशात ही स्थिती, तर आपल्या डोंगरातल्या वाडीचे सांगायलाच नको. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळच्या सुदुंबरे इथे आहे. राज्याच्या एसडीआरएफची मूळ ठाणी धुळे आणि नागपूर इथली. तळियेच्या अनुभवानंतर पावसाळ्यात महाडला एनडीआरएफची तुकडी ठेवली जाऊ लागली, ही मोठी सुधारणा. तरीही रोह्याच्या एखाद्या वाडीवर रात्री दहाला दरड आली, तर साडेदहाला तिथे असणारी माणसे म्हणजे पोलीस पाटील, वायरमन, आशाताई, जेसीबीचा ड्रायव्हर, होडी असलेला कोळी आणि गावातली पोरे.

म्हणून बचाव करणाऱ्यांचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. एनडीआरएफचे पथक साधारण ४५ जणांचे असते. त्यात अभियंते, तंत्रज्ञ, वैद्यकीय माणसे आणि शोधकुत्री असतात. पथक आपले राहणे, खाणे, साधने बरोबर घेऊन निघते. आंतरराष्ट्रीय संकेत तर असा आहे, की दुसऱ्या देशात जाणाऱ्या मोठ्या शोधपथकाला दहा दिवस कोणाकडूनही काही न घेता काम करता आले पाहिजे. संकटात असलेल्या गावावर आपला भार टाकायचा नाही. अशा पथकाला आपण बिस्किटांचे खोके नेऊन देतो तेव्हा ते हसून घेतात, कारण नाही म्हणणे त्यांना जड जाते.

दुसऱ्या प्रकारात गावातली पोरे येतात. ती अंगावरच्या कपड्यांनिशी, पायातल्या स्लीपरनिशी धावलेली असतात. त्यांच्या मागे कोठार नसते, त्यांचा विमा नसतो, आणि तीन दिवस रोजगार बुडाला तर घरची चूलही अडते. सामानाची खरी गरज यांना असते, आणि बातम्यांतली छायाचित्रे गणवेशातल्या पथकांची येत असल्याने देणाऱ्यांची नजर यांच्याकडे सर्वांत कमी जाते.

पोटाचे गणित

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० कॅलरी पुरतात आणि जड अंगमेहनत करणाऱ्याला सुमारे ३,४७० लागतात. ढिगारा उपसणारा माणूस दुसऱ्या गटातला. त्याला बसून ताट वाढायला जागा नसते, हात चिखलाने माखलेले असतात आणि जेवणाची सुट्टी दहा मिनिटांची मिळते.

म्हणून अन्न निवडताना एका किलोत किती बळ आहे हे पाहावे. किलोभर शिजलेल्या भातात जेमतेम १,३०० कॅलरी असतात, कारण त्यात पाणीच जास्त. किलोभर भाजलेल्या शेंगदाण्यांत साडेपाच हजारांहून अधिक. डोंगरावर पाठीवरून न्यायचे असेल तर शेंगदाणे, गूळ, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, फुटाणे यांना तोड नाही. पेण तर पोह्यांसाठी आणि पापडासाठी नावाजलेले गाव. पोह्यांचा चिवडा हलका, टिकाऊ, मुठीने खाता येणारा. साधे पोहेही पाण्यात भिजवले की चूल न पेटवता खाण्याजोगे होतात. भाकरी किंवा चपातीत कोरडी भाजी किंवा लसणाची चटणी गुंडाळून कागदात बांधली, तर एका हाताने खाता येते आणि दुसऱ्या हातातली पहार खाली ठेवावी लागत नाही.

आता जे टाळायचे ते. पावसाळी दमट हवेत शिजवलेला भात, डाळ, उसळ चार-पाच तास बंद डब्यात राहिली की बिघडते. भातात काही जिवाणूंचे बीज शिजवल्यावरही जिवंत राहते आणि कोमट भातात ते झपाट्याने वाढते. त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. गावातल्या पंगतीत एखाद्याला जुलाब झाले तर तो घरी झोपतो. दरडीवर मात्र एक माणूस आजारी पडला की त्याला खाली आणायला आणखी चार माणसे अडकतात. म्हणून शिजवलेले अन्न जवळच्या शाळेत किंवा देवळात तयार करून दोन तासांच्या आत वाटता येत असेल तरच द्यावे. पुलावाचे पातेले चाळीस किलोमीटरवरून टेम्पोत आणू नये.

पाण्याबरोबर मीठही जाते, हे विसरले जाते. घाम गाळणारा माणूस नुसते पाणी पीत राहिला तर त्याला थकवा, पेटके, चक्कर येते. ओआरएसची पाकिटे वजनाला नगण्य आणि उपयोगाला मोठी. एका पूर्ण पाकिटाला एक लिटर पाणी, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतायचे नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोल्ड्रिंकचे क्रेट पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. आणि बाटल्यांऐवजी वीस लिटरचे जार व प्रत्येकाला स्वतःची एक बाटली दिली, तर मागे राहणारा प्लास्टिकचा ढीगही कमी होतो.

चहा मात्र पाठवावाच. रात्री दोन वाजता पावसात कुडकुडणाऱ्या माणसाला गरम, गोड चहा साखरही देतो आणि दहा मिनिटे बसायचे निमित्तही. मोठा थर्मास ही फारशी कोणाला न सुचणारी, पण सर्वांना लागणारी वस्तू आहे.

हात, पाय, डोळे

बचावकार्यात निम्म्या दुखापती हातापायांशी निगडित असाव्यात असे वाटावे, इतके काम हातापायांचे असते. तुटलेल्या स्लॅबमधून सळ्या बाहेर आलेल्या असतात, पत्रे कापलेले असतात, काचा चिखलात लपलेल्या असतात. इथे घरकामाचे पातळ रबरी मोजे मिनिटभरात फाटतात. चामड्याचे किंवा जाड विणीचे, तळव्याला रबराचा थर असलेले कामगारांचे हातमोजे लागतात. ते भिजतात, फाटतात, हरवतात. म्हणून माणशी एक जोडी पुरत नाही.

पायांसाठी गमबूट हे कोकणातले पहिले उत्तर. चिखलात, साचलेल्या पाण्यात, पूर ओसरल्यावर गाळ काढताना ते योग्यच. कारण पुराच्या पाण्यात उंदीर आणि गुरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाला बारीक चीर असली तरी लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरायला ती पुरे. ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो, म्हणजे माणूस घरी परतून कामाला लागल्यावर. २०२१ च्या पुरानंतर महाड आणि चिपळूणला इतर शहरांतून सफाई कामगार आणि आरोग्य पथके आली होती. गाळ उपसणारे ते हातही बचावकार्याचेच, पण गमबुटांच्या वाटपात त्यांचे नाव बहुधा शेवटी लागते. प्रतिबंधक गोळ्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने द्यायच्या असतात. औषधांची खोकी परस्पर वाटू नयेत. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का, हे विचारण्याची सोय तळावर असली तर उत्तम.

गमबुटाबरोबर कोरडे मोजे हवेत. ओल्या मोज्यांत दोन दिवस राहिलेला पाय पांढरा पडतो, सुजतो, कातडी सुटते. मग कितीही धडधाकट माणूस असला तरी चालू शकत नाही. दहा रुपयांच्या प्लास्टिक पिशवीत बांधलेली कोरड्या सुती मोज्यांची जोडी त्या वेळी नव्या ब्लँकेटपेक्षा मोलाची ठरते.

अंधारात हातातली बॅटरी म्हणजे एक हात गमावणे. डोक्याला बांधायचा दिवा हवा, आणि त्यापेक्षाही त्याचे सेल हवेत. दिवे पाठवणारे पुष्कळ भेटतात, त्या दिव्यांच्या मापाचे सेल पाठवणारे कमी. हेल्मेट बांधकामाचे किंवा गिर्यारोहणाचे चालते. मोटारसायकलचे हेल्मेट कान झाकते, आणि ढिगाऱ्यावर ऐकणे हेच तर अर्धे काम असते. शोधपथक मधूनच सगळी यंत्रे बंद करायला लावते, सर्वांना गप्प उभे करते आणि ढिगाऱ्याखालून येणारा ठोका किंवा हाक टिपायचा प्रयत्न करते. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी कोसळली. सोळा जण गेले, पण एका चार वर्षांच्या मुलाला सुमारे एकोणीस तासांनी आणि एका महिलेला सुमारे सव्वीस तासांनी जिवंत बाहेर काढले गेले. अशा शोधात त्या शांततेची मिनिटे मोलाची असतात. त्या वेळी मदतीचा टेम्पो हॉर्न वाजवत गल्लीत शिरला तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

कुंडलिकेच्या काठावरचे शहाणपण

रोहा तालुक्यात कोलाडच्या आसपास कुंडलिकेवर राफ्टिंग चालते. मुळशी धरणाचे पाणी भिरा इथल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून वीज तयार करून कुंडलिकेत सुटते. त्यामुळे उन्हाळ्यातही नदीला ठरलेल्या वेळी जोर असतो. त्या पाण्यावर रोज राफ्ट नेणाऱ्या स्थानिक तरुणांना वाहत्या पाण्याची अशी जाण आली आहे, जी पुस्तकातून येत नाही. बुडालेल्याचा शोध असो वा पुरात अडकलेल्यांची सुटका, अशा वेळी परिसरातून पहिली हाक यांना जाते.

वाहत्या पाण्यातली सामग्री जमिनीवरच्यापेक्षा वेगळी, आणि इथे चुकीची भेट जिवावर बेतू शकते. गमबूट प्रवाहात पाण्याने भरतो आणि पाय तळाशी ओढला जातो. तिथे घट्ट बसणारे, पाणी निघून जाईल असे बूट हवेत. बाजारात मिळणारा स्वस्त नायलॉनचा दोर सामान बांधायला ठीक असतो. माणसाचे वजन पेलण्यासाठी तो तपासलेला नसतो, खडकाच्या धारेवर घासला की तुटतो. नदीवर पाण्यात तरंगणारा दोर लागतो, पंधरा-वीस मीटरचा, पिशवीत नीट भरलेला. काठावरून फेकला की उलगडत जातो. लाइफ जॅकेट सहलीच्या बोटीत मिळते तसले दिखाऊ चालत नाही. त्याची तरंगण्याची क्षमता माणसाच्या वजनाला पुरेशी हवी, पट्टे शाबूत हवेत, आणि उन्हात वर्षभर पडून कुजलेले तर मुळीच नको. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ इथे पुरातून लोकांना नेणारी होडी उलटली आणि अनेकांचा जीव गेला. सोडवायला गेलेली होडी बुडते तेव्हा क्षमतेपेक्षा जास्त माणसे आणि अपुरी जॅकेटे ही जुनी कारणेच बहुधा पुन्हा समोर येतात.

सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला तेव्हा दोन एसटी आणि काही प्रवासी नदीत गेले. नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल, एनडीआरएफ यांच्याबरोबर स्थानिक लोकही कित्येक दिवस काठाकाठाने शोध घेत होते. इतक्या लांबलेल्या कामात स्थानिकांचा सर्वांत मोठा खर्च होतो तो डिझेल-पेट्रोलचा. होडीचे इंजिन, जनरेटर, सामान वाहणारा छोटा हत्ती, सगळ्यांना इंधन लागते. इंधनाचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न रात्रीच्या वेळी हमखास अडतो. जवळच्या पंपावर खाते उघडून ठरावीक रकमेपर्यंतची कुपने तहसीलदारांकडे किंवा पथकप्रमुखाकडे सोपवणे, ही एखाद्या व्यापारी मंडळाने करण्याजोगी अगदी नेमकी मदत आहे. तिचा फोटो मात्र चांगला येत नाही.

दुसरी आपत्ती

नको असलेल्या सामानाच्या लोंढ्याला मदतकार्यातले लोक दुसरी आपत्ती म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळी कुटुंबांना ते नको होते आणि प्रशासनाला हटवायला मनुष्यबळ नव्हते. 'गूंज' या संस्थेने पुढे त्यातले लाखो कपडे उचलून वेगवेगळ्या उपयोगांना लावले. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या पुरातही जुने कपडे पाठवू नका, असे आवाहन करावे लागले. उतरवायला, निवडायला, साठवायला माणसे लागतात आणि आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात माणसेच तर कमी असतात. घाटरस्त्यावर सामानाचे वीस टेम्पो उभे राहिले तर रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही.

रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिथे वायुगळती किंवा स्फोट झाला तर नियम आणखी कडक. त्या हद्दीत स्वतःची हवा पाठीवर घेऊन जाणारे अग्निशमन दलाचे प्रशिक्षित लोकच जाऊ शकतात. कापडी मास्क वाटायला धावणारे स्वयंसेवक बचावकार्याची यादी वाढवतात, म्हणजे सुटका करायची माणसे वाढवतात.

मग विचारायचे कोणाला? जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तालुक्याला तहसीलदार कार्यालयात नियंत्रण कक्ष असतो. मोठ्या घटनेत एक जागा मुक्कामाची आणि साठ्याची म्हणून ठरते, सहसा शाळा किंवा मंगल कार्यालय. सामान तिथेच द्यावे, नोंदवहीत लिहून द्यावे, आणि खोक्यावर मोठ्या मराठी अक्षरांत आतली वस्तू, माप आणि संख्या लिहावी. 'हातमोजे, मोठे माप, ५० जोड्या' असे लिहिलेले खोके अंधारातही सापडते. 'मदत साहित्य' असे लिहिलेले खोके उघडायला कोणाला तरी काम थांबवावे लागते. पैसा किंवा सामान हडप करणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५३ नुसार दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नोंदवहीचा आग्रह म्हणूनच धरायचा. तो प्रामाणिक स्वयंसेवकाचेही संरक्षण करतो.

निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० ला श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, तळा, रोहा भागात झाडे आणि विजेचे खांब आडवे केले, त्यानंतरच्या दिवसांत सर्वांत जास्त वाट पाहिली गेली ती वीजकर्मचाऱ्यांची. बाहेरगावाहून आलेल्या त्या लोकांना काय कमी पडत होते याची कल्पना करणे अवघड नाही. करोनाचा काळ, हॉटेले बंद, पाऊस तोंडावर. झोपायला कोरडी जागा, आंघोळीला पाणी, मोबाइल चार्ज करायला जनरेटरची एक वायर. महिला पोलीस, परिचारिका, आशाताई यांच्यासाठी स्वच्छ, आतून कडी लागणारे शौचालय आणि सॅनिटरी पॅड. या गोष्टी टेम्पोत भरून आणता येत नाहीत, गावालाच द्याव्या लागतात. एखाद्या घराने दोन खोल्या उघडल्या तर ते दान शंभर खोक्यांइतके असते.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसली. कोसळलेल्या मनोऱ्यांसमोरचे सेंट पॉल्स चॅपल हे १७६६ मधले लहानसे प्रार्थनाघर शाबूत राहिले आणि पुढचे आठ-नऊ महिने ढिगारा उपसणाऱ्या कामगारांचे विश्रामस्थान झाले. गरम जेवण, झोपायला खाटा, अंग रगडून देणारे, आणि पायांची काळजी घेणारे वैद्य. स्वयंसेवक पाळ्यांनी येत, म्हणून कामगारांना सहाव्या महिन्यातही पहिल्या आठवड्यासारखेच मिळत राहिले. आपल्याकडे वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपून देणारी गावे आहेत. ही सेवा आपल्याला शिकवावी लागणार नाही. फक्त ती बचाव करणाऱ्यांकडे वळवावी लागेल.

मे महिन्यातले दान

इथपर्यंतच्या सगळ्या चर्चेतून एक अडचणीची गोष्ट पुढे येते. वर सांगितलेल्या वस्तूंपैकी चांगला दोर, प्रमाणित जॅकेट, डोक्याचे दिवे, जाड हातमोजे या दरड कोसळल्यावर विकत घ्यायच्या वस्तूच नाहीत. त्या रात्री दुकान बंद असते, माप जुळत नाही, आणि जे साधन कधी हाताळले नाही ते अंधारात वापरणे धोक्याचे असते. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण आणि त्याबरोबर जॅकेट, बॅटरी, हेल्मेट, गमबूट, प्रथमोपचार पेटी असा संच देण्याची तरतूद आहे, ती याच जाणिवेतून. संच मिळालेला माणूस त्याची तालीमही करतो.

म्हणून बचाव करणाऱ्यांना सामान देण्याचा खरा हंगाम एप्रिल-मे आहे. त्या महिन्यात तालुक्यातल्या एखाद्या बचावगटाकडे जाऊन त्यांची यादी मागावी. कोणता दोर बाद झाला, किती जॅकेटांचे पट्टे गेले, विम्याचा हप्ता किती, वाहनाची सर्व्हिसिंग बाकी आहे का. यादीतली सर्वांत कंटाळवाणी ओळ आपल्या नावावर घ्यावी. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात आपत्ती व्यवस्थापन बसते. रोहा-धाटाव, नागोठणे, पेण पट्ट्यातल्या कारखान्यांना पुराच्या दिवशी बिस्किटे वाटण्यापेक्षा गटांचा वार्षिक खर्च उचलणे सहज शक्य आहे. वैयक्तिक देणगीदाराने रोख न देता बँकेमार्फत द्यावे: जुन्या करप्रणालीत ८०जीची सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि वस्तुरूप देणगीला तर मुळीच नाही.

दुसरा हंगाम त्याहून दुर्लक्षित आहे: घटना संपल्यानंतरचा पंधरवडा. पत्रकार गेलेले असतात, टेम्पो थांबलेले असतात. गटाच्या खोलीत चिखलाने भरलेले दोर धुवायचे असतात, ज्यांच्यावर ताण आला ते कापून बाद करायचे असतात, जॅकेटे सावलीत वाळवायची असतात. कोणाला ताप आलेला असतो, कोणाची तीन दिवसांची मजुरी बुडालेली असते, कोणाला रात्री झोप लागत नसते आणि समुपदेशकाकडे नेणारे माणूस हवे असते. त्या आठवड्यात येऊन 'काय गेले, काय तुटले, किती खर्च झाला' असे विचारणारा देणगीदार पुढच्या दरडीची तयारी करून देत असतो. दोर बदलला नाही, तर त्याच गटाला पुढच्या जुलैत बोलावणे धोक्याचे होते. आणि जुलै काही वर्ष चुकवत नाही.